बाबांची सात मिनिटं

खटपटी हे तिचं घरातलं नाव, आणि ते काही उगीच पडलेलं नव्हतं. आवाज लावला की पडद्यावरच्या रेघा त्या तालावर हलायला लागतील, असली चित्रं ती कॉम्प्युटरवर बनवायची. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात लागणाऱ्या तिच्या व्हिडिओत एकच आवाज होता, बाबांची गुणगुण. बाबा शिंपी. जन्मभर मशीनवर गुणगुणले आणि दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा गेला. ऑपरेशनच्या एक आठवडा आधी तिने रेकॉर्ड केलेली सात मिनिटं, तेवढीच काय ती उरली होती.

आणि बाईसाहेबांना त्या सकाळी शहाणपण सुचलं! मागची खरखर काढायची म्हणून तिने सॉफ्टवेअरला नमुन्यादाखल नुसत्या खरखरीचा वाटणारा तुकडा निवडून दिला. तो जरा कान देऊन ऐकावा की नाही? त्यातही बाबा अगदी हळू गुणगुणत होते. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. त्याने गुणगुणीलाच खरखर समजून सातही मिनिटं धुऊन काढली, आणि हिने न ऐकताच फाईल त्याच नावाने सेव्ह केली. दुसरी प्रत नाही. पडद्यावरच्या रेघा आडव्या पडून राहिल्या.

दुपारी ती घरी निघाली. आता बाबांना काय तोंड दाखवायचं? रेकॉर्ड केलं तेव्हा त्यांना ही फाईल फोनवर पाठवली होती खरी, पण "कसं वाटलं?" याचं उत्तरसुद्धा आलं नव्हतं. ज्यावरून पाठवली तो तिचा जुना फोन केव्हाच मेला होता, आणि बाबा म्हणजे फोनमधलं सगळं सटासट पुसून टाकणारा माणूस.

दारातच तिचे पाय थबकले. आतून मशीनची खडखड येत होती आणि खडखडीबरोबर बाबांची गुणगुण!

ती धावत आत गेली. मशीनच्या फळीवर, कात्रीशेजारी, बाबांचा फोन गात होता.

"बाबा! हे तुमच्याकडे आहे? पुसलं नाहीत?" म्हणता म्हणता तिला रडूच कोसळलं.

हिला आता काय झालं, अशा नजरेने बाबांनी बघितलं. मग खडू घेऊन काळ्या कापडाच्या तुकड्यावर लिहिलं, "रोज लावतो. त्याशिवाय मशीनवर पाय चालत नाही."

जीव भांड्यात पडला हो पोरीचा!

"मग तेव्हाच सांगायचं नाही का, आवडलं म्हणून? दोन वर्षं फुगून बसलेय मी!"

तिने फोनकडे हात नेला, तशी बाबांनी हातावर चापटी मारली आणि खाली लिहिलं, "थांब. कॉलर होऊ दे."

ती तिथेच जमिनीवर बसली. कॉलर केव्हाच झाली, तरी दोघांपैकी कोणीच फोन बंद केला नाही.