शिवांशच्या डोक्याचं माप

शिवांश दोन महिने आधीच जन्माला आला, म्हणून त्याचं वय दोन महिने कमी धरायचं, हे सासूबाईंना सांगून माझं तोंड दुखलं. तरी शेजारचं बाळ दिसलं की त्यांचं सुरू, आमचा अजून मान धरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मान धरेल सावकाश. तूर्तास डोक्याचा घेर बघू, डोकं वाढतंय म्हणजे मेंदू वाढतोय.

हे नेमकं माझ्या नवऱ्यानं ऐकलं. अमरेशचं शिवाजी पेठेत टेलरिंगचं दुकान. त्या दिवसापासून गळ्यातला टेप काढून दर रविवारी पोराचं डोकं मोजायचं आणि आकडा तालमीच्या कट्ट्यावर जाहीर करायचा. हे काम दवाखान्याचं, तुम्ही कशाला मध्ये पडता, असं विचारलं की म्हणणार, आख्ख्या पेठेची मापं मीच घेतो. यावर बोलायचं काय, कपाळ?

गेल्या रविवारी घरी साडेएकोणचाळीस सेंटीमीटर भरलं होतं. आज दवाखान्यात भरलं अडतीस. वाढायचं सोडून पोराचं डोकं आकसलं की काय?

बाईंनी भुवयांवरून, कानांच्या वरून टेप नेऊन पुन्हा मोजलं. अडतीसच. त्या म्हणाल्या, मागच्या महिन्यात इथं छत्तीस होतं, म्हणजे छान वाढलंय. मग घरी साडेएकोणचाळीस आलं कुठून, मी विचारलं. त्यांनी टेप शेजारी उभ्या अमरेशच्या हातात दिला, घरी कसं मोजता ते दाखवा म्हणाल्या.

अमरेशनं टेप पोराच्या डोक्याभोवती गुंडाळला आणि सवयीनं आत एक बोट घातलं. सदऱ्याच्या गळ्याचं सैल माप घेतात, अगदी तसं. बाईंनी हसू दाबलं. माझं मात्र डोकं फिरलं. महिनाभर त्या आकड्यावर मी जीव टांगून ठेवला होता, आणि त्यात या माणसाचं बोट!

"अहो, डोकं मोजायचं होतं. झबलं शिवायचं नव्हतं," मी म्हणाले.

तो खाली बघत पुटपुटला, "पोरांचं माप वाढत्या अंगाचंच घेतो की आपण. वाढायचं हाय त्याला अजून."

आणखी चार शब्द सुनावणार होते, पण रडूच फुटलं. पोर जगतंय की नाही, या धास्तीत मी इतके दिवस काढले. ते वाढणार, हे या माणसानं कधीच धरून ठेवलं होतं.