उसनी कातडी

मित्रांनो, कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली तुम्ही पाहिली असेल. आमच्या मुळशीकडं तिला डाल म्हणतात. तशीच मी एक जुनी डाल आहे. माझ्या दोन्ही बाजू कमानीसारख्या कापलेल्या आहेत, त्यामुळे आता माझ्याखाली एकही कोंबडी टिकत नाही. मला का कापलं, तेच सांगते.

पौडच्या बाजारात कोंडिबा बुरुडानं मला ओल्या बांबूच्या कामट्यांनी विणलं. मुठा गावच्या सगुणाबाईंनी मला डोक्यावर पालथी घालून घरी नेलं. वाटेत ऊन लागलं नाही म्हणून त्यांनी माझं कोण कौतुक केलं! रोज संध्याकाळी कोंबड्या माझ्याखाली यायच्या आणि सकाळी सगुणाबाईंची पाच वर्षांची नात बानू मला उचलून त्यांना सोडायची.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत एका सकाळी बानूनं मला उचललं आणि एका पिलामागं ती घरात धावली. तिची आई चिमाबाई भाताची पेज ओतत होती. पिलू धरायला बानू आईच्या हाताखाली वाकली आणि उकळती पेज तिच्या पाठीवर पडली. बैलगाडीनं पिरंगुट आणि तिथून एस.टी.नं पुणं. साऱ्या वाटेत चिमाबाई एक शब्द बोलली नाही.

पुण्याच्या दवाखान्यात काय झालं ते मी सगुणाबाईंच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाठ अशीच उघडी राहिली तर पोर वाचणार नाही. आई नाहीतर बाप, कुणाची तरी कातडी वर घालावी लागेल."

बानूचा बाप पिराजी धोतर सावरत पुढं झाला. "माझी घ्या."

"तुमच्या मांडीवर नायटा आहे."

"चार वर्सं सांगतीया, गंधक लाव, गंधक लाव!" सगुणाबाई लेकावर करवादल्या.

चिमाबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "माझी काढा, बाई. लागंल तेवढी."

"उसनी घेते," डॉक्टरीणबाई समजावत म्हणाल्या. "बानूची स्वतःची येईपर्यंत."

पण चिमाबाईच्या अंगात रक्तच कमी निघालं. आठ दिवस तिला नीट खाऊ घाला, मगच शस्त्रक्रिया, असं ठरलं. मग माझ्याखालच्या नऊ कोंबड्यांच्या चारच उरल्या. घरात सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवणारी सून आता खाटेवर बसून रस्सा प्यायची आणि सासू समोर बसून राहायची.

"पी. त्वांड वाकडं करू नगंस. तुझ्यासाठी न्हाई, माझ्या नातीसाठी देतीया." असं म्हणायच्या आणि तंगडी तिच्याच ताटात टाकायच्या.

त्याच दिवसांत माझंही बोलावणं आलं. बानू पालथी झोपायची आणि पांघरूण तिच्या जखमेला चिकटायचं. ते वर उचलून धरायला काहीतरी हवं होतं. सगुणाबाई म्हणाल्या, "आमची कोंबड्यांची डाल आणू का?" परिचारिका हसल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. वाल्मीक नावाच्या वॉर्डबॉयनं मला उकळत्या पाण्यानं आणि फिनेलनं घासलं आणि बानूचं अंग आरपार मावेल असं दोन्हीकडून कापलं. माझ्या कामट्या कडाकडा तुटल्या, पण मला वाईट वाटलं नाही. ती भाजली त्या सकाळी मीच तिच्या हातात होते ना!

नवव्या दिवशी चिमाबाईच्या मांडीवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी काढली आणि बानूच्या पाठीवर पसरली. मायलेकींच्या खाटा शेजारी होत्या. चिमाबाईच्या मांडीची अशी आग व्हायची की ती पदराचा बोळा दातांत धरायची. माझ्या भोकांतून लेकीकडं बघत राहायची. जो तो येऊन विचारायचा, "बानू कशी हाय?" तिला कुणी विचारलंच, तर ती म्हणायची, "मला काय न्हाई."

चौथ्या दिवशी बानूचा ताप उतरला. तिनं भाकरी मागितली.

पंधरा दिवसांनी मात्र पाठीवरच्या कातडीच्या कडा सुटू लागल्या. चिमाबाईचा चेहरा पडला. सगुणाबाई मात्र घाबरल्या नाहीत. पडलेला एकेक पापुद्रा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून पितळेच्या डबीत जपला आणि डॉक्टरीणबाई आल्यावर डबी पुढं केली.

"घ्या, बाई. आता हिच्या मांडीवर परत लावा."

"हे काय?"

"उसनी हुती न्हवं? आमी कुनाची वाटीभर साखर बी ठिवून घेत न्हाई. हिच्या मांडीची आग मला दिसतीया. ती मेली सांगत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी चिमाबाईच्या मांडीवरची पट्टी सोडली. खाली कोवळी, गुलाबी कातडी आली होती. "आजी, हिची हिनंच भरून काढली. आता इकडं बघा." त्यांनी मला बाजूला केलं. बानूच्या पाठीवर कडेनं तिची स्वतःची कातडी आत सरकत होती. मधे तळहाताएवढी जागा उरली होती. "आता पोरीत ताकद आहे. एवढ्यापुरती तिच्याच पायाची लावू."

ती लागली आणि धरली. बानू वाचली.

आम्ही मुठ्याला परतलो. गाव बानूची पाठ बघायला लोटलं. चिमाबाई लंगडत पाणी भरू लागली, तर एक शेजारीण म्हणाली, "हिला काय झालंय? धडधाकट तर दिसतीया." सगुणाबाईंनी सुनेच्या डोक्यावरचा हंडा स्वतः उतरवून घेतला आणि त्या शेजारणीच्या हातात दिला. "मग तूच आन आजचं पानी."

त्या दुपारी बानूनं आईचं लुगडं जरासं सरकवून मांडी पाहिली. "आये, दुखतंय?"

चिमाबाईच्या ओठांवर रोजचं 'न्हाई' आलं होतं. पण ती लेकीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "व्हय गं. लई दुखतंय."

बानू वाकून फुंकर घालू लागली. चिमाबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली.

मित्रांनो, आजारी माणसाची चौकशी सगळेच करतात. ज्यानं आपल्या अंगातलं काढून दिलं, त्याच्याही खाटेशी थोडं बसा. दुखतंय का, असं विचारा. तो 'नाही' म्हणाला, तर उठू नका. पुन्हा एकदा विचारा.