सहाच्या ठोक्याला घोडबंदरवर

घोडबंदर रोडवर गाडी जोरात चालवली म्हणून दंड झाला, ही गोष्ट घरात आधी कुणाला खरीच वाटेना. सरोजने चष्मा पुसून मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाली, "अहो, त्या रस्त्यावर आपण एकदा मिसळ खाऊन निघालो, तर पुढचा सिग्नल येईपर्यंत परत भूक लागली होती. तिथे एक्याऐंशी?"

पण लिहिलं होतं तसंच. मर्यादा साठ, वेग एक्याऐंशी, रविवार, संध्याकाळी सहा वाजून नऊ मिनिटं. खाली फोटोही होता. महिपतरावांची पांढरी व्हॅन, मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'राम कृष्ण हरी'. नाही म्हणायची सोय नाही.

महिपतराव मोबाइल हातात धरून असे बसले, जणू कुणी भर पंगतीत त्यांना पानावरून उठवलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली. त्या चौतीस वर्षांत ना कुणाला खरचटलं, ना एक मेमो मिळाला. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी खांद्यावर शाल घालून सगळ्या आगारादेखत सांगितलं होतं, "यांची फाइल कोरी आहे. अशी दुसरी दाखवा." तेव्हापासून ती कोरी फाइल महिपतरावांच्या बोलण्यात कुठून ना कुठून यायचीच. लग्नात, न्हाव्याकडे, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्यालासुद्धा. सरोज म्हणायची, "वर गेल्यावर चित्रगुप्त वही उघडायच्या आधीच म्हणेल, राहू दे हो, मला पाठ आहे."

"हे साफ खोटं आहे," महिपतराव म्हणाले. "सहा वाजून नऊ मिनिटांनी मी मंदिरात होतो."

"नक्की?" समिधाने विचारलं. ही त्यांची मुलगी, ठाण्याच्या कोर्टात वकिली करायची.

"नक्की काय विचारतेस, अगं! सहाचे ठोके पडले तेव्हा माझ्या हातात टाळ होते. त्यांच्या यंत्राचं घड्याळ बिघडलंय."

आता हे ठोके म्हणजे काय, ते सांगायला हवं. घोडबंदर रोडवरून खाडीकडे आत वळलं की टॉवरांच्या मागे एक जुनं कोळी गाव आहे आणि गावात विठ्ठलाचं मंदिर. तिथे दर रविवारी कीर्तन. मंदिर बांधणाऱ्या म्हाताऱ्याने नेम घालून दिला होता की, भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात सहाचे ठोके पडायला लागले की त्या ठोक्यांवरच बुवांनी नमन उचलायचं. पहिला ठोका, चिपळी वाजली, की सगळ्यांच्या अंगावर काटा. चाळीस वर्षं तो नेम मोडला नव्हता. आधी बायाबापड्या भजनं म्हणत बसायच्या, मोबाइल सगळ्यांचे दारातल्या टोपलीत. विठ्ठलासमोर बसल्यावर आणखी कुणाचा फोन यायचा राहिलाय?

कीर्तनकार दामाजीबुवा राहायला विठ्ठलवाडीला. दर रविवारी डोंबिवलीहून निघून, त्यांना विठ्ठलवाडीहून उचलून मंदिरात पोचवायचं आणि मग त्यांच्यामागे टाळ घेऊन उभं राहायचं, ही महिपतरावांची सेवा. निवृत्तीनंतर त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं होतं. चौतीस वर्षं त्याच्या धाकात काढली, आता बास!

"बाबा, दोन रस्ते आहेत," समिधा म्हणाली. "दंड भरून मोकळे व्हा. नाहीतर तारखेला कोर्टात उभं राहून नाकबूल म्हणा. मग साक्षी-पुरावे, पुढच्या तारखा, सगळं आलं. दंडापेक्षा चपला जास्त झिजतील."

"झिजू देत. नाकबूल."

पुढच्या रविवारी कीर्तन संपल्यावर त्यांनी सगळ्यांना विचारलं, त्या दिवशी सहाच्या ठोक्याला मी इथे होतो, हे कोण कोण सांगेल? अख्खं मंदिर हात वर करून उभं राहिलं. टॉवरमधला यज्ञेश, जो कंपनीत बॉससमोर तोंड उघडत नाही म्हणतात, तो म्हणाला, "काका, मी पहिल्या रांगेत होतो. ठोके मोजलेत मी. कुठेही सांगतो."

महिपतरावांना भरून आलं. एकाच माणसाचा हात वर नव्हता. रखमाबाईचा. मंदिर बांधणाऱ्या म्हाताऱ्याची ही सून; घड्याळाची किल्ली तिच्याकडे. ती गाभाऱ्याशी पाठमोरी बसून वाती वळत होती, आणि इतक्या वळत होती की वर्षभर पुरतील.

लोक पांगल्यावर महिपतराव तिच्याजवळ गेले. "रखमाबाई, तुमची साक्ष तर सगळ्यात मोठी. घड्याळ तुमच्या हातात."

"तेच तं वाईट झालंय, दादा," ती म्हणाली. "त्या दिशी सा उशिरा वाजले."

"उशिरा कसे वाजतील सहा?"

"मी वाजू दिले नाय."

ती उठली, घड्याळाची काच उघडली आणि पोराची हनुवटी धरावी तसा तो पितळी लंबक दोन बोटांत धरला. घड्याळ गप्प. "आसं धरते. तुमची गाडी फाटकात दिसली का सोडते. मंग तुमी पायऱ्या चढून टाळ घेता, तवर ठोके."

"दर रविवारी?"

"नाय ओ! दर रयवारी कशाला? तुमी उशीर करता तवाच."

"म्हणजे कितीदा?"

रखमाबाईने जरा विचार केला. "दर रयवारीच."

रखमाबाई आपली सांगतच होती. "सासऱ्याला शबूद दिलेला, सा म्हंजे सा. बुवा येनार त्या तिकडून, कल्यानच्या पलीकडून. वाटेत ट्राफिक. सासऱ्याचा शबूद मोडू का बुवांना सगल्यांच्या देखत उशीर झाला म्हनू? मंग मीच जरा थांबते देवाच्या नावानं."

"त्या दिवशी किती थांबलात?"

"दोन भजनं आन् अर्धी गवळन."

म्हणजे पंचवीस मिनिटं. यंत्राचं घड्याळ ठीक होतं.

आणि मग त्यांना तो रविवार सगळा आठवला. क्रिकेटची फायनल होती. बुवाही थोडी बघूनच घराबाहेर पडले होते. गावं, टॉवर, दुकानं, सगळी टीव्हीसमोर, आणि घोडबंदर रोड धुऊन ठेवलेल्या ताटासारखा मोकळा. जन्मात एकदाच दिसावा असा. मागच्या सीटवर बुवा युद्धाचं आख्यान घोळवत होते. रथ निघाला, घोडे उधळले, बुवांची लय चढली, दुगुन झाली, आणि महिपतरावांचे हात होते स्टेअरिंगवर. टाळकऱ्याच्या हातात टाळ नसले की लय जाते कुठे? पायात उतरते. उजव्या पायात. तिकडे रणांगणात घोडे, इकडे अॅक्सिलरेटरवर महिपतराव.

"तुमी घोर नका लावू जिवाला," रखमाबाई म्हणाली. "मी कोर्टात सांगन, सा वाजले व्हते. बाकी कुनाला ठाव हाय? देवाच्या दारात वाजले तेच खरे सा."

त्याच वेळी 'नको' म्हणायला हवं होतं. महिपतराव म्हणाले नाहीत. नुसतं हूं केलं.

पुढचे दहा दिवस त्यांच्या मनात दोन वकील भांडत राहिले. एक म्हणे, बाकीची सगळी माणसं मनापासून खरंच बोलणार आहेत. त्यांनी ठोके ऐकलेत, यात खोटं ते काय? दुसरा म्हणे, तुला माहीत आहे ना? मग झालं. समिधाला सांगावं तर ती सरळ म्हणेल भरा. सरोजला सांगावं तर ती हसेल. आणि भरावं तर ती फाइल! चौतीस वर्षांचं पांढरं धोतर आणि त्यावर आता म्हातारपणी चहाचा डाग.

एकदा त्यांनी गाडीत बुवांनाच छेडून पाहिलं. "बुवा, आपल्याला पोचायला कधी उशीर होतो का हो?"

"आपल्याला?" बुवा मागून म्हणाले. "एकवीस वर्षं झाली महिपत, सहाचा ठोका चुकला नाही. पाय आत टाकला की टण्! पांडुरंगाची कृपा, दुसरं काय."

म्हणजे कोऱ्या फायली दोन होत्या.

तारखेच्या दिवशी समिधा कोर्टाच्या आवारात भेटली ती कपाळाला हात लावूनच. "बाबा, मी सांगितलं होतं ना, पहिल्या तारखेला साक्षीदार लागत नाहीत? फक्त कबूल की नाकबूल, एवढंच विचारतात!"

"मी कुणाला बोलावलेलं नाही, अगं."

पण तोवर फाटकाशी टेम्पो लागला होता आणि त्यातून अख्खं मंदिर उतरत होतं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पुरुष टोप्या घालून, डब्यांत तांदळाच्या भाकऱ्या आणि चवळीची उसळ. दामाजीबुवा उपरणं सावरत पुढे. यज्ञेशने रजा टाकली होती. दारावरच्या पोलिसाने विचारलं, "लग्न रजिस्टर करायला आलात काय? ते ऑफिस इकडे नाही."

महिपतराव सगळ्यांना हात जोडत जोडत रखमाबाईपाशी आले. ती भिंतीकडे तोंड करून एकटीच पुटपुटत होती. त्यांना वाटलं, जप चाललाय. जवळ गेले तर ऐकू आलं, "सा वाजले व्हते, सायेब. सा वाजले व्हते." शाळेत कविता म्हणायच्या आधी पोरं घोकतात, तसं.

आणि त्यांचं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. गळा मोकळा होता.

"रखमाबाई, माळ कुठंय?"

तिने पदराच्या गाठीवर हात ठेवला. "हितं हाय. माळ घालून खोटं बोलता येत नाय ना दादा. म्हनून सकाली काढली. बोलून झालं का घालीन परत."

लग्न होऊन आली त्या वर्षी घातलेली तुळशीची माळ. बाळंतपणांत नाही काढली, नवरा गेला तेव्हा नाही काढली. ती या म्हातारीने आज उतरवून पदरात बांधली होती, एका ड्रायव्हरच्या फायलीसाठी.

तिथल्या तिथे, वकील-पक्षकारांच्या गर्दीत, महिपतराव म्हणाले, "आधी ती घाला. आधी घाला म्हणतो ना! नाहीतर मी आत पाऊल टाकणार नाही."

"पन तुमचं कोरं कागूद..."

"पेटवा त्याला. घाला माळ."

तिने गाठ सोडली, माळ कपाळाला लावली आणि गळ्यात घातली. डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं वो. सकालधरनं उघडंउघडं वाटत व्हतं."

पुकारा झाला. महिपतराव आत गेले आणि त्यांच्यामागून सगळा फड. न्यायाधीश बाईंनी कागद वाचला, चष्म्यावरून पाहिलं. "एक्याऐंशी. गुन्हा कबूल आहे?"

"कबूल."

मागे एकदम कुजबुज उठली. समिधाने वळून बापाकडे पाहिलं. यज्ञेश तर उभाच राहिला, "मॅडम, काका तेव्हा..." महिपतरावांनी हातानेच त्याला खाली बसवलं.

"ही एवढी माणसं कशाला?" बाईंनी विचारलं.

"माझ्या बाजूने बोलायला आली होती, मॅडम. भोळी आहेत. त्यांना वाटलं मी तेव्हा मंदिरात होतो. मी गाडीत होतो. गाडी माझी, पायही माझाच."

"एवढी घाई कसली होती?"

महिपतराव जरा घुटमळले. "घाई नव्हती, मॅडम. मागे आख्यान रंगलं होतं."

बाईंनी खाली मान घालून सही केली. पण टायपिंग करणाऱ्या मुलीने नंतर शपथेवर सांगितलं की त्या हसल्या. दंड भरून पावती हातात आली, तेव्हा महिपतरावांना वाटलं होतं की छातीत काहीतरी तुटेल. तसं काही झालं नाही. भूक मात्र सपाटून लागली. आवारातल्या झाडाखाली डबे उघडले, आणि दारावरच्या पोलिसानेही उभ्याउभ्या एक भाकरी खाल्ली.

परतताना बुवा आणि रखमाबाई व्हॅनमध्ये बसले. माजिवड्याच्या पुढे गाड्यांची रांग लागली, व्हॅन थांबली, तेव्हा बुवांनी मागून हळूच विचारलं, "महिपत, सहा-नऊला तू गाडीत होतास, म्हणालास."

"हो, बुवा."

"म्हणजे गाडीत मीही होतो."

"हो."

"मग ठोके?"

महिपतरावांनी आरशात रखमाबाईकडे पाहिलं. रखमाबाई खिडकीबाहेर एक टॉवर खालपासून वरपर्यंत मोजत होती.

"त्या एका दिवशीच ना रे?" बुवांनी आशेने विचारलं.

बुवांनी आरशातल्या महिपतकडे पाहिलं, शेजारच्या रखमाबाईकडे पाहिलं, लंबक धरल्यासारख्या मिटलेल्या तिच्या दोन बोटांकडेही पाहिलं. आणि मग त्यांच्या पोटातून असं काही हसू फुटलं की उपरणं तोंडात कोंबूनही थांबेना. "एकवीस वर्षं! अगं बाई, एकवीस वर्षं पांडुरंगाला तू ताटकळत ठेवलंस माझ्यासाठी?"

"त्याला कुटं जायाचं व्हतं?" रखमाबाई म्हणाली.

पुढची गाडी हलली. महिपतरावांनी गिअर टाकला. "बुवा, येत्या रविवारी तीनला येतो न्यायला."

"चारला येतोस की."

"तीनला."

"बरं बाबा, तीनला," बुवा डोळे टिपत म्हणाले, "आणि आख्यान मी घरीच घोळवून येतो."