लिफ्टवाल्या काकांचा श्वास

मित्रांनो, मी नाकातून जाणारी हवा मोजणारा एक जुना मापक आहे. दिसायला साधाच. पुढे नाकातोंडावर बसणारा मऊ मुखवटा, मागे पारदर्शक नळी आणि नळीत सरकणारा लाल काटा. तोंड मिटून नाकाने जोरात श्वास ओढला की काटा पुढे सरकतो आणि तिथेच थांबतो. नाक चोंदलेले असेल, तर जागचा हलायलाही कुरकुरतो. कारखान्यातून निघालो तो कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आलो आणि बरीच वर्षे तिथेच राबलो.

तिथे मला लिफ्टवाले काका भेटले. एका उंच इमारतीत दिवसभर लिफ्ट वरखाली नेणे हे त्यांचे काम. त्या पोलादी खोक्यात कुणी अत्तराने न्हाऊन शिरे, तर एखाद्या मजल्यावर दार उघडताच गार हवेचा झोत अंगावर येई. काकांचे नाक गच्च होई, डोके जड होई. दार मिटले की त्यांना वाटे, आपल्याला डबीत घालून झाकण लावले आहे. खिशात नाक मोकळे करणाऱ्या थेंबांची बाटली असे. आधी ती कधीमधी लागायची, पुढे तिच्यावाचून पान हलेना. थेंबांचा अंमल उतरला की नाक पहिल्यापेक्षा घट्ट मिटे.

ॲलर्जीच्या तपासण्या झाल्या. त्यांत काहीच निघाले नाही. मग काय, घरीदारी एकच सूर. काकू म्हणत, नाकाचे नखरे आहेत. इमारतीचे मॅनेजर म्हणाले, बंद जागेची भीती वाटत असेल तर काम सोडा. हळूहळू काकांचाच स्वतःवर भरवसा राहिला नाही. शेवटी मुलीने त्यांना हाताला धरून आणले.

काकांनी माझ्यातून श्वास ओढला. काटा नळीच्या मध्यापर्यंत गेला. मग बाईंनी त्यांना थोडा वेळ गार हवेसमोर बसवले आणि पुन्हा ओढायला सांगितले. या खेपेला काटा जेमतेम हलला.

"काका, हे मनाचं नाही," बाई म्हणाल्या. "ॲलर्जी नसली तरी नाक हळवं असू शकतं. गार हवा, उग्र वास लागला की आतून सुजतं. आणि हे थेंब त्यात तेल ओतताहेत."

काकांनी मला उचलून काटा मुलीसमोर धरला. मग मुलीला म्हणाले, "हा काटा तुझ्या आईला दाखवता येईल का गं?"

बाईंनी थेंब बंद केले. औषधाचा फवारा दिला, मिठाच्या पाण्याने नाक धुवायला शिकवले. पण पुढच्या खेपेस काका आले ते ओढल्या चेहऱ्याने. झोप नाही, जेवणाला चव नाही. थेंब पुन्हा घालू द्या, नाहीतर गुदमरेन, असे ते काकुळतीने सांगू लागले. मी मोजले, तर काटा आणखी खाली. बाईंनी काही लपवले नाही. हा थेंब सुटल्याचा रुसवा आहे, थोडी कळ काढा, उतरेल, एवढेच त्या म्हणाल्या.

या वेळी काकूही आल्या होत्या. काटा पाहून त्यांचा चेहरा उतरला. "कपाटामागे आणखी बाटल्या दडवल्यात यांनी," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, सोंगच आहे. आज घरी गेले की टाकून देते."

काटा चढायला वेळ लागला. अखेर एकदा तो मध्य ओलांडून गेला. "काल तोंड मिटून झोपलो," काका म्हणाले आणि लाजले. अत्तराने त्यांचे नाक आजही चोंदते. पण आता ते घाबरत नाहीत.

पुढे पडद्यावर आकडे दाखवणारे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी खणात झाली. मुखवट्याचे रबर कडक झाले, नळीत धूळ शिरली, काटा मधेच अडकला. कुणी पुसून, वाळवून ठेवले असते, तर मी अजून कामाचा असतो. मित्रांनो, वस्तू अशा टाकू नका. आणि घरात कुणी श्वास कोंडतोय म्हणाले, तर हसण्याआधी त्याच्याजवळ बसा, नीट ऐका. कोंडलेल्याला दार उघडेपर्यंत एवढेच कळायला हवे असते, की बाहेर कुणीतरी आहे.