खांब काय म्हणतो ते लिहा

खांब मी हलवला, हे आता सगळ्या गावाला माहीत आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. उलट माझ्याच तोंडून ऐका. गावात जी कथा फिरते तिच्यात मी मध्यरात्री जेसीबी आणला होता, सोबत चार पोरं होती. साफ खोटं. भरदिवसा, एकट्याने, पहारीने उपटला. मधे चहा प्यायलासुद्धा थांबलो होतो.

आमची जमीन रावेतला, पवनेच्या अगदी काठावर. आजोबांनी तिथे वांगी लावली, आबांनी ऊस लावला, मी खोल्या लावल्या. चौदा खोल्या, वर पत्रा. चार वर्षांपूर्वी बांधल्या, आणि तेव्हापासून तिथे पुराचं पाणी आलं नव्हतं. भाडेकरू सगळे बाहेरचे, चाकणला शिफ्टला जाणारे.

गेल्या वर्षी पाटबंधारे ऑफिसच्या माणसांनी काठावर पूर मोजायचा लोखंडी खांब रोवला. साधारण माझ्याएवढा उंच, फुटांच्या खुणा केलेला. खाली हिरवा, मधे पिवळा, आणि छातीपासून वर लाल. शाळेत सभा घेतली, वडापाव वाटले आणि सांगितलं की पाणी लाल पट्ट्याला लागलं की भांडीकुंडी जिथल्या तिथे टाकायची आणि शाळेत यायचं. पावसाळाभर दर दोन तासांनी खांबावरचा आकडा मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचं काम सहा नंबरच्या विजयश्रीवहिनींकडे आलं. त्यांना चकाकणारं जाकीट मिळालं, शिट्टी मिळाली. वहिनी लातूरकडच्या. जन्मभर टँकरच्या रांगेत उभी राहिलेली बाई नदी मोजायला ठेवलीय, असं मी चारचौघांत म्हणायचो आणि लोक हसायचे. वहिनींच्या कानावर ते गेलं असणार. पण त्यांचा आकडा कधी चुकला नाही.

मग हिंदुराव आले. माणचे. आयटी पार्कसाठी जमीन विकल्यापासून त्यांच्या गळ्यात बैल बांधता येईल असा गोफ असतो. त्यांना आमच्या काठावर लग्नाचं लॉन्स काढायचं होतं.

"ह्यो लाल पट्टा कशापायी?" पहिल्याच भेटीत त्यांनी खांबाकडे बोट केलं.

"शोभेला," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "नवरा-नवरीच्या फोटूत असली शोभा नगं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खांब उपटला आणि वर चढावर, जांभळीच्या आड, पुरुषभर उंचीवर नेऊन रोवला. सिमेंट घातलं नाही, नुसती माती दाबली. वहिनींनी त्याच दिवशी विचारलं. मी सांगितलं, ऑफिसची नवीन मोजणी झाली, त्यांनीच हलवला. त्यांनी मान डोलावली. सरकार लोकांची अख्खी गावं हलवतं, तिथे एक खांब म्हणजे काय.

सौद्यासाठी खोल्याही रिकाम्या हव्या होत्या. भाडेकरू काही हलेनात. सहा महिने मी सगळे उद्योग करून पाहिले. दुरुस्तीच्या नावाखाली नळ बंद केला, संडासाला कुलूप लावलं, ड्रेनेज फुटल्याची आवई उठवली. एकही माणूस जागचा उठला नाही.

ऑगस्टातल्या त्या रविवारी हिंदुराव विसार द्यायला आले. आम्ही वरच्या बंगल्यात बसलो होतो. आबा म्हणजे माझे वडील, अर्जुनराव, शेजारीच पेपर वाचत होते. धरणाकडे पाच दिवस पाऊस लागून राहिला होता. अकराच्या सुमाराला ग्रुपवर मेसेज आला, विसर्ग वाढवला. पाठोपाठ वहिनींचा फोन.

"मालक, पाणी मोटारीच्या खोलीला लागलंय की ओ. पण खांब कोरडा ठाक हाय. काय लिहू?"

हिंदुराव माझ्या तोंडाकडे बघत होते. हातात पाकीट होतं.

"खांब काय म्हणतो ते लिहा," मी म्हणालो.

दोन मिनिटांत ग्रुपवर आलं, 'पातळी शून्य. काळजी नसावी.' खाली चौदा खोल्यांचे चौदा अंगठे. आबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बाई कामाची हाय." मी हो म्हणालो आणि बिस्किट चहात बुडवलं. ते बिस्किट मला अजून आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

साडेबाराला दुसरा मेसेज आला. विसर्ग दुप्पट. "आलोच," म्हणून मी चप्पल घातली आणि खाली पळालो.

खाली रविवार चालला होता. दोन खोल्यांतून मटणाचा वास, एकीकडे टीव्ही, ओट्यावर पत्ते. पाण्याच्या मोटारीची खोली दिसत नव्हती, तिच्या जागी नदी होती. लोकांनाही ती दिसत होती, पण आकडा शून्य होता ना. शिकलेल्या माणसांसारखे सगळे आकड्यावर विश्वास ठेवून बसले होते.

"चला, उठा! खोल्या खाली करा! पाणी येतंय!" मी ओरडलो.

पत्तेवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसायला लागले.

"मालक, मागं नळ बंद केला, मग संडास," दत्तोबा पान टाकत म्हणाला. तो चौदा नंबरचा, कोकणातला. "आता नदीच आणलात होय?"

"आईशप्पत सांगतो, दत्तोबा. आमी खोटं न्हाई बोलत."

यावर ते आणखीच हसले. सावित्रीबाई म्हणून एक म्हाताऱ्या आजी आहेत, त्यांनी तर पदर तोंडाला लावला. मी एकेका दारात गेलो, हात जोडले, एकदोघांची बोचकी स्वतः उचलली. "हात लावू नका सामानाला," म्हणून एकाने माझं मनगट धरलं. जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि कुत्रं विचारत नव्हतं.

वहिनी जाकीट घालून जांभळीखाली उभ्या होत्या. त्यांची तीन वर्षांची स्वरूपा खोलीत निजली होती, नवरा गणराज कंपनीत होता. "मालक, खांब कोरडाय," त्या म्हणाल्या. "खांब कोरडा असताना मी शिट्टी कशी मारू? उद्या ऑफिसवाले मलाच बोलतील."

वर चढावर हिंदुराव छत्री घेऊन येऊन थांबले होते. आता सांगायचं म्हणजे त्यांच्यासमोर सांगायचं होतं. खरं सांगतो, तेवढ्यातही मी पळवाट शोधली. म्हणावं का, की नवीन मोजणीत चूक झाली? पण वहिनींनी लगेच ऑफिसला फोन लावला असता, आणि तिथलं कुणी फोन उचलेपर्यंत पोरगी पाण्यात गेली असती.

मी खांबाला मिठी मारली आणि उपसला. एका हिसक्यात निघाला, इतकं माझं काम पक्कं. खांद्यावर घेतला आणि उतरणीने पाण्यात शिरलो. गुडघा, मांडी, कंबर. पाणी गढूळ, ओढ अशी की पाय टिकेना. ऑफिसच्या माणसांनी घातलेला सिमेंटचा चौथरा पायाने चाचपत होतो. सापडला तेव्हा पाणी छातीवर आलं होतं. मधला खड्डा पायाच्या बोटांनी शोधून खांब त्यात उभा केला. हिरवा बुडाला, पिवळा बुडाला, आणि लाल पट्टाही वीतभर बुडाला.

"हितं होता!" मी ओरडलो. "ऑफिसनं न्हाई हलवला! मी हलवला! मी, रणजीतनं! ह्यो लाल बघा, बुडलाय!"

पत्ते थांबले. टीव्ही तेवढा चालू होता.

वहिनींनी खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिट्टी तोंडात घातली आणि अशी फुंकली की पलीकडच्या काठावर माणसं उभी राहिली. मग काय, सगळे सुटले. पोरं काखेत, म्हातारे पाठीवर. दत्तोबाने सावित्रीबाईंना खुर्चीसकट उचललं. मी बाहेर आलो आणि उरलेली दारं वाजवली. अर्ध्या-पाऊण तासात चौदाही खोल्या मोकळ्या झाल्या, ज्यासाठी मी सहा महिने झटलो होतो. तीनच्या सुमाराला पाणी खिडक्यांत होतं, चारला पत्र्याला.

हिंदुराव जाताना एवढंच म्हणाले, "रणजीतशेठ, मला लॉन्सला जागा पायजे हुती, होडीला न्हाई."

संध्याकाळी मी शाळेत खिचडीचं पातेलं घेऊन गेलो. माणूस एकही दगावला नव्हता, तेव्हा दोनचार शिव्या खाऊन सुटेन असा माझा हिशोब होता. शिव्या कुणी दिल्या नाहीत. खिचडी मुकाट्याने घेतली, खाल्ली. वहिनींनी घेतली नाही. स्वरूपा त्यांच्या मांडीवर झोपली होती.

"मी लिवलं, काळजी नसावी," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं लिवलं. तुम्हाला इचारून लिवलं. तिला झोपवून लिवलं."

लाज वाटली, एवढंच सांगता येईल. त्यांनी जाकीट काढलं, घडी केली, वर शिट्टी ठेवली आणि माझ्यासमोर सरकवलं. "आता तुम्हीच मोजा. तुम्हाला जागा पण ठाव हाय."

खांब ऑफिसच्या माणसांनी पुन्हा जुन्या जागी रोवला, या वेळी भरपूर सिमेंट घालून. माझ्यावर केसचे कागद चालू आहेत, ते चालतील. गाळ काढल्यावर नऊ बिऱ्हाडं परत आली, कारण एवढ्या भाड्यात दुसरीकडे कुठे जाणार. आकडा मी टाकतो. दर दोन तासांनी, फोटोसकट. एकही अंगठा येत नाही. आकडा पडला की पाच मिनिटांत कुणीतरी खाली येतं, खांबाकडे बघतं आणि माझ्याशी न बोलता परत जातं. दत्तोबा येतो, सावित्रीबाई येतात, एकदा तर नाक्यावरचा मटणवाला येऊन गेला.

काल पाऊस जोरात होता. मी लिहिलं, दीड फूट. थोड्या वेळाने चढावरून आबा उतरले. त्या रविवारपासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. चिखलात काठी टेकत टेकत आले. मला वाटलं, निदान बाप तरी नुसता भेटायला आला असेल. मी म्हणालो, "आबा, दीड फूट हाय." आबांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. ते वाकले आणि खांबाच्या बुडाशी काठी खुपसून, माती उकरलीय का ते तपासू लागले.