कॉफीच्या भावांची वही

मित्रांनो, माझ्या पानांना अजूनही कच्च्या कॉफीचा वास येतो. मी एक जुनी भाववही आहे. विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात, एका बंद पडलेल्या पंख्यामागे, माझे उरलेले आयुष्य चालले आहे.

बाजारभाव कसे हलतात यावर प्रबंध लिहिणारी एक अबोल मुलगी मला घेऊन रोज सकाळी लिलावघरात जाई. तेथे ओल फार. शाई पसरे, म्हणून ती पेन्सिलीने लिही. छापील दरपत्रकावर तिचा भरवसा नव्हता. हातोडा पडला, तरच तो भाव. सौदा झाला नाही, तर ती आडवी रेघ ओढी. लिलाव पुकारणारे काका थट्टा करीत, "ताई, आज कुणी तोंडच उघडलं नाही. सगळे तुमच्यावर गेलेत." ती हसे आणि रेघ ओढी. त्या रेघांचा मला अभिमान होता.

तिच्या मार्गदर्शक सरांना मात्र त्या खुपल्या. रेघांपाशी गणित अडत होते आणि परिषद तोंडावर आली होती. त्यांनी तिचीच पेन्सिल घेऊन माझ्या समासात स्वतःच्या हाताने लिहिले, 'कालचाच भाव भरणे.' वर म्हणाले, "अगं, पडक्या दातांचं हसू कोण बघतं?" प्रबंधावर सही त्यांचीच व्हायची होती. तिने एकशे बारा रेघा खोडून तेथे आदल्या दिवसाचे भाव भरले.

भाव शांत दिसू लागले. परिषदेत निबंध गाजला. सरांना पदक मिळाले, मला काचेच्या कपाटात जागा मिळाली, आणि तिची नेमणूक कायम होण्याच्या बेतात आली. तेवढ्यात एका परक्या अभ्यासकाने विचारले, की सौदाच झाला नसताना भाव आला कोठून? चौकशी बसली. आदल्या दिवशी सरांनी मला घरी नेले आणि समास रबराने पुसून परत आणले.

"अक्षर कुणाचं?" समितीने विचारले.

"माझं," ती म्हणाली. "पण भरायला सरांनी सांगितलं. समासात लिहिलंय."

"दाखव ना, बाळा," सर म्हणाले.

समास कोरा होता. तिचा हात माझ्याकडे आला आणि अर्ध्यावर थांबला. मला खिडकीच्या उजेडात जरा तिरके धरले असते, तर पेन्सिलीचा दाब कोणालाही वाचता आला असता. कोणी धरले नाही. चहा निवत होता.

तिची नेमणूक गेली. सर आता विभागप्रमुख आहेत; प्रामाणिक नोंदींवर व्याख्यान देतात, आणि छान देतात.

मित्रांनो, वह्यांना कव्हर घाला, असे सांगून मी थांबायला हवे. पण मला जपून आता काय होणार? जे घडलेच नाही ते लिहा, असे कोणी वडीलधाऱ्याने सांगितले, तर पेन्सिल खाली ठेवा. आणि एखादे अबोल माणूस एकटे पडत असेल, तर खुर्ची सोडून उठा. त्या दिवशी त्या खोलीत आणखी पाच माणसे होती.