बसलेला राजा

फकरुद्दीननं कवड्या टाकल्या, पडलेलं दान मोजलं आणि आपला घोडेस्वार पटावरून सरकवत गुरुपादच्या राजाच्या शेजारच्या घरात आणून ठेवला. दानातलं एक घर अजून शिल्लक होतं. तेवढं पुढं सरकलं असतं तर राजाशी लढाई लागली असती. त्यानं हात मागं घेतला.

"दान उरलंय," लोडाला टेकून बसलेला गुरुपाद म्हणाला. आवाज कसला, नुसती फुंकर होती.

"ऱ्हाऊ दे की."

"राजा समोर हाय."

"असू दे. पळून कुठं जातोय."

गुरुपादनं त्याच्याकडे पाहिलं आणि कवड्या गोळा केल्या. गळ्याभोवती गुंडाळलेल्या पंच्याआड सूज दिसत होती. आता ती पंच्यात मावत नव्हती.

शिवाजी पेठेत गुरुपादचं भांड्यांचं दुकान होतं, पण त्याचं मन तिथं कधी रमलं नाही. जुन्या लढायांची पुस्तकं मिळतील तिथून आणायची, रविवारी पन्हाळ्याच्या तटावरून हिंडायचं आणि उतरताना फकरुद्दीनला काहीतरी रचून सांगायचं, हा त्याचा नाद. त्या रचण्यातूनच सातबुरूज नावाचं राज्य उभं राहिलं. त्याला वैरी पाहिजे म्हणून काजळकोट आला. फकरुद्दीन कातारी. लेथवर लाटणी आणि भोवरे करता करता त्यानं दोन्हीकडची फौज कातली, सागवानाची सातबुरुजाची, शिसवाची काजळकोटाची. मेणकापडावर नद्या, घाट आणि किल्ले रंगवले. दोघं तरणे होते तेव्हापासून हे युद्ध चाललं होतं. तालमीतली माणसं येता-जाता म्हणायची, टकलं पडली तरी ह्यांचा बाहुल्यांचा खेळ सुटंना.

ह्या खेळात मेलेली सोंगटी परत पटावर येत नसे. ती ज्याची असेल त्यानं ती कशी पडली ते सांगायचं आणि मग तिची सावली कुठं उभी करायची ते ठरवायचं. कारण सातबुरुजात आणि काजळकोटातही मेलेल्यांच्या सावल्या पहाऱ्याला राहत. गुरुपाद हे असं सांगायचा की ऐकणाऱ्याला दिवसाढवळ्या मागं वळून बघावंसं वाटे.

मिरजेच्या डॉक्टरांनी आता काय खावंसं वाटतं ते खाऊ द्या म्हणून सांगितलं, त्या दिवशी गुरुपादची बायको शिवगंगा फकरुद्दीनच्या दुकानात आली होती. एरवी ती तिथं कधी येत नसे. नवऱ्याला तिनं गळू आहे म्हणून सांगितलं होतं, पिकलं की फुटेल. औषधाच्या बाटल्यांवरचे कागद ती भिजवून काढून टाकत होती.

"तुमच्या त्या खेळात आता कुणी मरायचं न्हाय, भावजी," ती म्हणाली होती. "एवढं माझं ऐका."

फकरुद्दीननं मान हलवली होती. तेव्हापासून त्याची शिसवाची फौज सगळ्या पटावर नुसती फिरत होती. कुणालाच धक्का लावत नव्हती.

"फकरू," गुरुपाद म्हणाला. "राजा नवा करून आण."

"ह्याला काय झालं?"

"हा उभा हाय. बसलेला कर."

"लढाईत राजा कधी बसतोय व्हय?"

"लढाई झाल्यावर बसतो की."

फकरुद्दीननं चार दिवस खपून राजा केला. बसलेलं माणूस लेथवर होत नाही, लेथ सगळ्याला गोल करून टाकतो. त्यानं पटाशी आणि चाकू घेतला. सिंहासनाला नक्षी काढली, वर छत्रीसुद्धा केली. गुरुपादनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"सिंहासन काढून टाक. मांडी घालून बसव." त्यानं स्वतःचा डावा हात मांडीवर ठेवला. पालथा नव्हे, उताणा, बोटं जरा वर वळलेली. "हात असा."

फकरुद्दीन त्या हाताकडे बघत राहिला. असाच एक हात त्यानं आधी पाहिला होता. कोडोलीच्या मळ्यात गुरुपादच्या वडिलांना, रुद्राप्पांना, खड्ड्यात बसवून पुरलं तेव्हा. त्यांच्यात तशीच रीत. मांडी घातलेली, डाव्या तळव्यावर इष्टलिंग. माती लोटायला सगळ्यांबरोबर फकरुद्दीनही वाकला होता. स्वतःच्या माणसांना त्यानं नेहमी आडवं निजवलेलं. बसलेल्या माणसावर माती टाकताना त्याचा हात अडखळला होता.

आत शिवगंगा दुधाला उकळी आणत होती. चमच्याचा आवाज येत होता.

"कधीपासून ठावं हाय?" फकरुद्दीननं हळूच विचारलं.

गुरुपादनं पाटावरची औषधाची बाटली उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवली.

"तिला सांगू नको. माझ्यासाठी हसती, तेवढं तरी हसू दे."

दुसऱ्या खेपेला फकरुद्दीननं छत्री लावली नाही, नक्षी काढली नाही. तळव्यात चाकूच्या टोकानं ज्वारीच्या दाण्याएवढी खळी पाडली. पॉलिश पेपर मारताना ती बुजणार नाही एवढं तो जपत राहिला.

राजा घेऊन तो गुरुपादकडे आला तेव्हा पट तसाच मांडलेला होता. गुरुपादनं जुना राजा उचलून नवा त्याच्या घरात ठेवला. दोघांच्या मध्ये दुधाचा पेला ठेवायला शिवगंगा वाकली आणि वाकलेलीच राहिली. कोडोलीच्या मळ्यात तीही होती.

पेला तिच्या हातातच राहिला. तिनं फकरुद्दीनकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं खाली घातली नाही.

ती मागं सरली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. त्या उंबऱ्यावर कुणी टेकलं तरी ती ओरडून उठवत असे. पेल्यावरची साय सुरकुतत होती. फकरुद्दीनच्या मुठीत कवड्या ओल्या झाल्या होत्या.

"टाका, भावजी," ती म्हणाली.

त्यानं टाकल्या. एकच घर पाहिजे होतं. शिसवाचा घोडेस्वार एक घर पुढं गेला. राजा कसा पडला हे ज्याचा त्यानं सांगायचं, पण गुरुपादला तेवढा श्वास नव्हता. म्हणून वैऱ्यानंच सांगितलं, जेवढं जमलं तेवढं. राजा पळाला नाही, दुपारची वेळ होती, घोडा आधी पडला. पुढं त्याला सुचेना.

"सावली?" त्यानं विचारलं. "कुठल्या बुरुजावर?"

गुरुपादनं पटाकडे पाहिलंच नाही. बोट उचललं आणि उंबऱ्याकडे केलं.